मडगार्डावरचा कोंबडा

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ढाब्यावर चहा पीत बसलेल्या ट्रक ड्रायव्हरला समोरून येणाऱ्या गाडीबद्दल विचारलं, तर तो ती वाचून दाखवतो. ‘एमएच-२३’ म्हणजे गाडी बीडची, ‘एमएच-४४’ म्हणजे अंबाजोगाईची. कॅबिनच्या कपाळावर कुठल्या देवाचं नाव आहे, फाळक्यावर मालकाच्या पोरांची नावं कशी लिहिली आहेत, अक्षराला सावली कुठल्या रंगाची दिली आहे, एवढ्यावरून गाडी कुठल्या भागातली आणि रंगकाम कुठल्या पेंटरच्या हातचं, हेही तो सांगू शकतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन जाणाऱ्या गाड्यांची ओळख तर गावातल्या पोराटोरांनाही असते.

दुसऱ्या महायुद्धातल्या ट्रकवरही असंच सगळं लिहिलेलं असायचं. गाडी कोणाची, कुठल्या पलटणीची, किती वजनाची, चाकात हवा किती भरायची, कुठल्या पुलावरून न्यायची, हे सारं दोन-चार आकडे, एखादा रंगीत चौकोन आणि एखाद्या चित्रात सामावलेलं असे. ती लिपी वाचणारे आता फार थोडे उरले आहेत. जुना लष्करी ट्रक पुन्हा उभा करायला घेणारा माणूस पहिल्याच आठवड्यात जी चूक करतो, ती नेमकी इथेच. उत्साहाच्या भरात तो सगळा जुना रंग खरवडून काढतो आणि मग विचारतो की, या गाडीवर मुळात काय लिहिलं होतं?

मराठवाड्याशी या विषयाचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद, आणि मोमिनाबाद ही घोडदळाची छावणी. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानावरची लष्करी कारवाई सुरू झाली, तेव्हा भारतीय सैन्याची एक तुकडी जालना घेऊन पुढे लातूरकडे आणि तिथून मोमिनाबादकडे सरकली. तिथे असलेल्या ३ गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रं खाली ठेवली. दक्षिणेकडून, सोलापूरच्या बाजूने, मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली पहिली आर्मर्ड डिव्हिजन येत होती. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. त्या पाच दिवसांत मराठवाड्याच्या कच्च्या रस्त्यांवरून जे ट्रक, जीप आणि रणगाडे धावले, ते जवळजवळ सगळे महायुद्धाच्या काळात घडवलेले होते. शर्मन रणगाडे अमेरिकी बांधणीचे, ट्रक कॅनडाचे, इंग्लंडचे आणि अमेरिकेचे.

आष्टी तालुक्याची हद्द ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. तिथे, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलच्या आवारात, फेब्रुवारी १९९४ मध्ये कॅव्हलरी टँक म्युझियम उभं राहिलं. पन्नासच्या आसपास चिलखती वाहनं तिथे मांडली आहेत. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती गाडी, इंग्लंडचे मॅटिल्डा आणि चर्चिल, जपान्यांचे छोटे रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकून घेतलेले पॅटन, सारं एकाच आवारात हिंडून पाहता येतं. बीडच्या माणसाला या विषयाचा पहिला धडा गिरवायचा असेल तर इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

ट्रकांचा इतिहास मात्र मुंबईपासून सुरू होतो. युद्धाआधीपासून मुंबईत अमेरिकी मोटारी जोडणारे दोन मोठे कारखाने होते. शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्स, आणि दुसरा फोर्डचा. युद्ध सुरू झाल्यावर हे कारखाने लष्करी कामाला लागले. कॅनडात फोर्ड आणि जनरल मोटर्स (शेव्हरोलेट) या दोन कंपन्यांनी मिळून एकाच लष्करी नमुन्यावर लाखो ट्रक बनवले. त्यांना ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ म्हणतात. त्यातले बरेच सुट्या भागांच्या पेट्यांतून भारतात येत, इथे जोडले जात आणि इथेच त्यांच्यावर हौदा चढवला जाई. फोर्ड-कॅनडाच्या याच जातीच्या चासीवर टाटांच्या पोलादाचं चिलखत चढवून साडेचार हजारांहून जास्त चिलखती गाड्या भारतात तयार झाल्या. परदेशी अभ्यासक त्यांना आजही ‘टाटानगर’ म्हणून ओळखतात.

हे कॅनेडियन ट्रक ओळखायला सोपे. नाक आखूड, चेहरा बसका, आणि पुढे पुढे आलेल्या नमुन्यात समोरची काच वरून पुढे झुकलेली, म्हणजे सूर्याची चमक वरच्या विमानाला दिसू नये. जाळी बारकाईने पाहिली तर शंकरपाळ्यासारखी तिरपी वीण शेव्हरोलेटची आणि चौकोनी वीण फोर्डची. स्टिअरिंग उजवीकडे. सुट्या भागांवर ठोकलेला शिक्काही बोलका असतो. ब्रिटिश सरकारी मालावर बाणाची खूण असे, आणि कॅनडाच्या मालावर इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या पोटात तोच बाण. भारतीय लष्कराच्या आजच्या गाड्यांच्या नंबराआधी जो उभा बाण दिसतो, तो याच जुन्या खुणेचा वारसा.

अशा ट्रकने किती मालक पाहिले असतील याचा अंदाज घेतला की रंगाच्या थरांचं महत्त्व कळतं. कारखान्यातला रंग पहिला. मग एखाद्या डिव्हिजनकडे गेल्यावर तिचं निशाण. आघाडी बदलली की नवा रंग. मोठी दुरुस्ती झाली की वर्कशॉपमधला आणखी एक हात. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा सैन्याबरोबर सैन्याची मालमत्ताही वाटली गेली, साधारण दोन वाटे भारताला आणि एक वाटा पाकिस्तानला. स्वातंत्र्यानंतर पुन्हा नवा नंबर, नवा रंग. शेवटी लिलाव. लोक ज्याला ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत तो. मग एखाद्या ठेकेदाराचा निळा, एखाद्या कारखान्याचा पिवळा. पत्र्यावर सात-आठ थर म्हणजे विशेष काही नाही.

महाराष्ट्राला थरांची ही गोष्ट नवी नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यान् पिढ्या चढलेला शेंदराचा लेप २०२२ मध्ये काढला गेला आणि मूर्तीचं मूळ रूप भाविकांनी पहिल्यांदाच पाहिलं. तिथे ते काम किती जपून करावं लागलं हे सगळ्यांनी वाचलं आहे. ट्रक हा काही देव नव्हे. पण ज्यांच्या बापजाद्यांनी त्याच्या हौद्यात बसून ब्रह्मदेशात किंवा इटलीत रात्री काढल्या, त्यांच्यासाठी तो पत्रा भंगाराहून निश्चितच मोलाचा आहे.

आता ती लिपी.

ब्रिटिश आणि ब्रिटिश-भारतीय सैन्यात प्रत्येक गाडीला एक कायमचा नंबर मिळे. त्याला सेन्सस नंबर म्हणत. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, पांढऱ्या रंगात, साधारण साडेतीन इंच उंचीच्या आकड्यांत तो लिहिलेला असे. नंबराआधी एक अक्षर. ‘एल’ म्हणजे लॉरी, ‘झेड’ म्हणजे ट्रक, ‘एम’ म्हणजे मोटारकार, ‘ए’ ॲम्ब्युलन्स, ‘सी’ मोटारसायकल, ‘टी’ रणगाडा, ‘एफ’ चिलखती गाडी. आपण ज्याला सर्रास ट्रक म्हणतो ती गाडी लष्कराच्या भाषेत एक टनापर्यंतच ‘ट्रक’, त्याच्या वर ‘लॉरी’. म्हणून तीन टनी गाडीच्या बॉनेटवर ‘झेड’ सापडलं तर समजावं की बॉनेट दुसऱ्याच गाडीचं आहे.

हा नंबर गाडीबरोबर जन्मभर राही. बाकीच्या खुणा पलटणीच्या, म्हणजे गाडी दुसरीकडे गेली की पुसल्या जाणाऱ्या. त्यांतली सगळ्यात देखणी खूण डिव्हिजनची. पुढच्या एका मडगार्डावर आणि मागे फाळक्याजवळ ती रंगवत. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचवीचा काळ्या पार्श्वभूमीवरचा लाल गोळा, सातवीचा सोनेरी बाण, सतरावीचं काळं मांजर, एकोणिसावीचा मुठीत धरलेला खंजीर. तेविसाव्या डिव्हिजनने पिवळ्या वर्तुळात लाल झुंजार कोंबडा घेतला होता.

या कोंबड्याशी मराठी माणसाचं नातं आहे. तेविसाव्या डिव्हिजनच्या ४९ व्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन पलटणी होत्या, चौथी आणि सहावी. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य इंफाळवर चालून आलं तेव्हा सांगशाकच्या टेकडीवर चौथी मराठा पलटण ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून लढली. त्या लढाईने जपान्यांचे जे दिवस खाल्ले त्याचा उपयोग इंफाळ आणि कोहिमा दोन्हीकडे झाला. पुढे हीच ब्रिगेड जावा बेटावर सुराबायाला उतरली. एखाद्या मडगार्डावर हिरव्या रंगाखाली पिवळ्या वर्तुळाची कड आणि आत लाल तुरा दिसला, तर तो ट्रक या माणसांच्या आसपास वावरलेला असू शकतो. म्हणून तो तुरा पॉलिश पेपरखाली नाहीसा होणं हे फार मोठं नुकसान आहे.

तीच गोष्ट आठव्या डिव्हिजनच्या तीन पिवळ्या क्लोव्हर फुलांची. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनियो नदीवर पहिल्या मराठा पलटणीतले रनर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांची पलटण या फुलांच्या खुणेखाली लढत होती.

दुसऱ्या मडगार्डावर एक रंगीत चौकोन आणि त्यात पांढरा आकडा. चौकोनाचा रंग सांगे की गाडी लष्कराच्या कुठल्या शाखेची आहे. वर लाल, खाली निळा म्हणजे तोफखाना. वर पांढरा, खाली निळा म्हणजे सिग्नल. लाल आणि हिरवा तिरपा कापलेला म्हणजे रसद-पुरवठा. नुसता निळा म्हणजे इंजिनिअर. पायदळात डिव्हिजनमधल्या तीन ब्रिगेडींना ज्येष्ठतेनुसार लाल, हिरवा आणि तपकिरी. आतला आकडा नेमकी पलटण सांगे. नाव कुठेच नाही, म्हणजे रस्त्याकडेला बसलेल्या हेराला काही कळू नये. मित्रांना मात्र एका नजरेत सगळं समजावं.

समोर पिवळ्या गोल चकतीत काळा आकडा दिसला तर तो पुलाचा. प्रत्येक पुलाला क्षमतेचा आकडा असे आणि गाडीला वजनाचा. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असेल तर पुलावर जायचं नाही. चाकांच्या वर पांढऱ्या अक्षरांत ‘टीपी’ आणि पुढे आकडा म्हणजे हवेचा दाब. मागच्या आसाचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवून त्यावर खालून छोटा दिवा सोडत. काळोखात, हेडलाइट बंद ठेवून चालणाऱ्या तांड्यात मागच्या ड्रायव्हरला एवढाच पांढरा ठिपका धरून गाडी हाकायची असे. घाटात रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही या युक्तीचं मोल सांगायला नको.

काही गाड्यांच्या बॉनेटवर पिवळट-हिरव्या रंगाचा एक निराळाच पट्टा किंवा ठिगळ सापडतं. नव्या माणसाला वाटतं की हा कुणीतरी उरलेला रंग फासला. तो विषारी वायू ओळखणारा रंग. मस्टर्ड गॅसचे थेंब पडले की त्याचा रंग पालटे आणि ड्रायव्हरला धोका कळे. असं ठिगळ अस्सल गाडीवर मिळालं तर त्याला हात लावू नये.

आणि पांढरा तारा. लोकांच्या डोक्यात युद्धातली गाडी म्हटलं की आधी तोच येतो. मूळ खूण अमेरिकेची. पुढे सगळ्या मित्रराष्ट्रांनी ती घेतली, म्हणजे आपल्याच विमानांनी आपल्याच गाड्यांवर बाँब टाकू नयेत. लांबून नुसता तारा जर्मन क्रॉससारखा भासतो असं लक्षात आल्यावर १९४३ पासून त्याभोवती वर्तुळ आलं. खरा तारा बहुधा पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या स्टेन्सिलने मारलेला असतो, म्हणून वर्तुळात मध्ये मध्ये खंड असतात. हाताने मारलेला असेल तर ब्रशचे ओरखडे दिसतात, टोकं थोडी वाकडी असतात. आजच्या लग्नाच्या वरातीतल्या जीपवर चिकटवलेला गुळगुळीत, एकही खंड नसलेला तारा बघितला की फरक ध्यानात येतो.

जीपचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगायला हवं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिज जीप जोडायला सुरुवात केली आणि त्यानंतर लाखो जीप देशभर पसरल्या. जुनी, खाकी, तारा असलेली प्रत्येक जीप युद्धातली नव्हे. युद्धातल्या विलिज आणि फोर्ड जीपच्या पुढच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपला मागे उघडणारा फाळका नसतो. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बारीकसारीक भागांवर, बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ अक्षर असतं. एवढी तपासणी पाच मिनिटांत होते आणि पुढची पाच वर्षांची फजिती टळते. ट्रकच्या बाबतीतही तेच. जबलपूरला बनलेले शक्तिमान ट्रक १९५९ नंतरचे. त्यांनी ६५ आणि ७१ ची युद्धं पाहिली आणि त्यांचा मान मोठा आहे. पण त्यांच्यावर महायुद्धातला कोंबडा रंगवणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

थरांखालचं वाचायचं कसं, हा खरा कौशल्याचा भाग.

पहिल्या दिवशी फक्त पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, वाळूचा मारा तर मुळीच नको. ओल्या पत्र्यावर पुष्कळदा कोरडेपणी न दिसणारी अक्षरं उमटतात, म्हणून ओला असतानाच फोटो काढून घ्यावा. मग रात्री, अंधारात, टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश सोडावा. स्टेन्सिलच्या रंगाला जाडी असते. वर पाच थर चढले तरी अक्षराची कड किंचित उठलेली राहते आणि आडव्या उजेडात तिची सावली पडते. कधी उलटंही होतं. पांढरं अक्षर झडून गेलेलं असतं, पण त्याने इतकी वर्षं खालचा हिरवा रंग उन्हापासून झाकून ठेवल्यामुळे तिथे अक्षराच्या आकाराचा गडद डाग राहिलेला असतो.

मग शोधायच्या त्या जागा जिथे पेंटरचा ब्रश पोचला नाही. डॅशबोर्डच्या आत, सीटखालच्या टूलबॉक्समध्ये, बॅटरीच्या खणात, माहिती-पट्टीच्या पाठीमागे, मडगार्डाच्या खालच्या अंगाला, हौद्याच्या फळ्यांखाली. कारखान्याचा मूळ रंग बहुधा इथेच भेटतो, आणि उन्हाने न खाल्लेला भेटतो.

यानंतरच घासायला घ्यायचं. नाण्याएवढी जागा निवडून, पाणी लावत, ६०० नंबरच्या वॉटर पेपरने आणि पुढे त्याहून बारीक पेपरने हळूहळू गोल गोल घासावं. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी रंगांची कडी एकात एक उघडतात. सर्वांत बाहेरचं कडं अलीकडचं, मध्यातला ठिपका सर्वांत जुना. कोणता थर मॅट, कोणता चकचकीत, मध्ये प्रायमर कुठे, लांबी कुठे भरली, हे वहीत लिहून ठेवावं. युद्धकाळातले रंग बिनचमकीचे असत, कारण चकाकी शत्रूला दिसते. शांततेच्या काळात सैन्याने पुन्हा तकतकीत हिरवा रंग आणला. त्यामुळे चकचकीत थराच्या वर सापडलेली खूण सहसा युद्धानंतरची, आणि मॅट थरावर बसलेली खूण युद्धातली असण्याची शक्यता मोठी.

हत्तीचं उदाहरण घ्यावं. ३१ व्या भारतीय आर्मर्ड डिव्हिजनचं निशाण हत्ती होतं. ती इराक-इराणच्या बाजूला होती. १ सप्टेंबर १९४५ पासून तिचं नाव पहिली आर्मर्ड डिव्हिजन झालं, आणि तीच पुढे १९४८ मध्ये सोलापूरहून हैदराबादकडे निघाली. आजही ती ऐरावत डिव्हिजन म्हणून ओळखली जाते. म्हणजे एखाद्या फाळक्यावर हत्ती सापडला तर त्याने बगदादचा रस्ता पाहिला की नळदुर्गचा, हे चित्रावरून ठरणार नाही. हत्ती कुठल्या थरावर उभा आहे यावरून ठरेल. तो थर खरवडला की हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

मूळ हिरव्या रंगाची छटा जुळवणं हे या कामातलं सगळ्यात फसवं काम. ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मळकट हिरवा, ऊन-पावसात पालटतो, कुठे करडा पडतो, कुठे तपकिरी. ब्रिटिशांनी १९४२ च्या सुमारास हिरव्या रंगद्रव्याच्या टंचाईमुळे गाड्या चक्क तपकिरी रंगवायला घेतल्या होत्या आणि १९४४ मध्ये ते ऑलिव्ह ड्रॅबकडे वळले. म्हणून खालचा थर तपकिरी निघाला तर त्याला गंज किंवा रेड ऑक्साइड समजून उडवून लावू नये. तो १९४२-४३ चा पुरावा असू शकतो. रंगाच्या दुकानात मडगार्डाचा उन्हाने विटलेला तुकडा नेऊन ‘हाच शेड द्या’ म्हणणं तर सर्वथा चूक. छटा घ्यायची ती डॅशबोर्डच्या आतली.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. जुन्या प्रायमरमध्ये आणि रंगात शिसं असतं. आपल्याकडचा शेंदूरही शिशाचाच. कोरडं घासून उडवलेली धूळ फुप्फुसात जाते, आणि गॅरेजमधली पोरं तोंडावर साधा रुमालही बांधत नाहीत. पाणी लावून घासावं, चांगला मास्क घालावा, घासलेलं पाणी अंगणात किंवा गोठ्याकडे सोडू नये.

अक्षर उघडं पडलं की थांबावं. पट्टी ठेवून फोटो, उंची-रुंदीची मापं, आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने आकार उतरवून घ्यावा. मग कागदपत्रं. सर्वात आधी चासीवर ठोकलेला क्रमांक पाहावा, कारण दारं, बॉनेट आणि फाळके वर्कशॉपमध्ये या गाडीचे त्या गाडीला सहज लागत. पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आग्नेय आशियातल्या डायऱ्यांचा संच ‘डब्ल्यूओ १७२’ या क्रमांकाखाली मिळतो. इम्पीरिअल वॉर म्युझियमकडे छायाचित्रांचा मोठा साठा आहे. मात्र काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवताना सावध राहावं. त्या काळातल्या काही फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल गरुड फोटोत काळा येतो, पिवळं वर्तुळ करडं येतं. अमेरिकी गाड्यांचे सुरुवातीचे नंबर तर निळ्या रंगात असत आणि फोटोत हिरव्यात विरघळून जात, त्यामुळे कित्येकांनी गाडीवर नंबरच नव्हता असा निष्कर्ष काढला आहे. गुप्त हालचालीआधी पलटणी स्वतःच आपल्या खुणा रंगाने झाकून टाकत, हेही विसरता कामा नये.

एवढं सगळं करून ट्रक तयार झाला की मालकाला तो रस्त्यावर आणायचा असतो आणि तिथे कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. म्हणजे जो रंग इतिहासाच्या दृष्टीने बरोबर, तोच रस्त्यावर बेकायदा. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी सुरू झाली आणि त्यात चासी, इंजिन आणि सांगाडा मूळचा असावा अशी अट आहे. ही अट योग्य आहे. पण रंगाच्या नियमात जुन्या वाहनांसाठी वाट ठेवलेली नाही, आणि ती ठेवायला हवी. सुरक्षेची काळजी रास्त आहे, तिच्यासाठी मिरवणुकीपुरती किंवा प्रदर्शनापुरती परवानगी देता येईल. तोवर मूळ रंगाचा ट्रक खासगी आवारात किंवा संग्रहालयात ठेवणं हाच सरळ मार्ग.

आणि सगळा ट्रक नव्याने रंगवायलाच हवा असंही नाही. अर्धवट पुसलेला पण खरा सेन्सस नंबर हा नव्या कोऱ्या, अंदाजाने लिहिलेल्या नंबरापेक्षा शंभरपट चांगला. युरोपातले अनेक जाणकार आता उघडलेली खूण तशीच ठेवून तिच्यावर फक्त संरक्षक लेप देतात आणि बाकी भाग रंगवतात. ज्या गाडीची पलटण सापडत नाही तिच्यावर ओळखीचं, गाजलेलं निशाण मारण्याचा मोह टाळावा. पिवळी पुलाची चकती, सेन्सस नंबर आणि हवेचा दाब एवढंच लिहिलं तरी गाडी खरी दिसते.

लोखंडाच्या भावाने विकले जाणारे जुने फाळके आणि मडगार्ड भंगारवाल्यांच्या वाड्यात आजही पडलेले असतात. कुणाच्या शेडमध्ये, विहिरीच्या कडेला, ऊस-गाळपाच्या जुन्या यंत्राशेजारी असा एखादा पत्रा असेल, तर तो विकण्याआधी ओल्या फडक्याने पुसून त्याचे चार फोटो काढून ठेवा. घरात पणजोबांचा सैन्यातला फोटो असेल आणि त्यात मागे एखादा ट्रक उभा असेल, तर नवी फ्रेम करून घेताना फोटोग्राफरला सांगा की फोटो कडेने कापू नकोस. मडगार्ड बहुतेक वेळा कोपऱ्यातच असतं.